पाणी किती आहे आणि पाणी कसे उतरते आहे



या सदरात आपण नेहमी बियाणे, खते, कीड आणि जनावरे यांच्याविषयी बोलतो. आज मात्र गणिताविषयी बोलायचे आहे. गणिताचे नाव निघताच पुष्कळांना शाळेतली छडी आठवते, हे मला ठाऊक आहे. तरी पान उलटू नका. हे गणित विहिरीच्या काठावर बसून समजण्यासारखे आहे, आणि ते वेळेवर लक्षात घेतले नाही म्हणून एका घराचे एक एकर पीक कसे गेले, तेही मी आज सांगणार आहे. त्या नुकसानीत माझाही वाटा होता.

मागच्या महिन्यात एका वस्तीवर हरभऱ्याची पाहणी करायला गेलो होतो. चहा होईपर्यंत ओसरीवर बसलो. घरातली मुलगी तालुक्याच्या कॉलेजात बारावी सायन्सला आहे. ती वही घेऊन पुढे आली आणि म्हणाली, "काका, हे डेरिव्हेटिव्ह म्हणजे नक्की काय? सूत्रं पाठ आहेत. एक्सचा वर्ग दिला की टू एक्स लिहायचं, मार्क मिळतात. पण टू एक्स कुठून आलं ते कळत नाही."

तिचे वडील बाजूला दोर वळत होते. ते हसून म्हणाले, "साहेब, मलाबी सांगा. एवढी फी भरून ही जे शिकती त्याचा आपल्या रानात काय उपयोग?"

मी म्हणालो, "आबा, आज विहिरीवर मोटार लावली होती का?"

"आत्ताच आठला बंद केली. पाणी फूटव्हॉल्व्हपाशी आलं होतं."

"मग चहा तिकडेच आणा," मी म्हणालो. मुलीला एक लांब वेळू, खडू आणि घड्याळ घ्यायला सांगितले. वेळूवर फुटांच्या आणि इंचांच्या खुणा केल्या आणि आम्ही विहिरीत उतरलो.

मोटार बंद केली तेव्हा विहिरीत ४ फूट पाणी होते. झऱ्यांनी पाणी वर येऊ लागले. मी दिवसभर त्याच वस्तीवर काम करणार होतो, म्हणून मुलीने वेळोवेळी मोजायचे ठरले. तिने मांडलेले आकडे सोयीसाठी थोडे गोल करून देतो. सकाळी ८ वाजता ४ फूट. १० वाजता ८ फूट. १२ वाजता १० फूट. दुपारी २ वाजता ११ फूट. ४ वाजता साडेअकरा फूट. भरून स्थिर झालेली ही विहीर १२ फुटांची, असे आबांनी सांगितले.

आता मी विचारले, "विहीर कोणत्या वेगाने भरते?"

मुलगी म्हणाली, "आठ तासांत साडेसात फूट, म्हणजे तासाला जवळजवळ एक फूट."

उत्तर बरोबर आहे, पण हा झाला सरासरी वेग. पहिल्या दोन तासांत पाणी ४ फूट चढले, म्हणजे तासाला २ फूट. शेवटच्या दोन तासांत अर्धाच फूट चढले, म्हणजे तासाला ३ इंच. "तासाला एक फूट" हे सांगताना सकाळची धावपळ आणि दुपारचा आळस दोन्ही झाकले गेले. एसटी तालुक्याच्या गावी दोन तासांत ६० किलोमीटर जाते, म्हणून ती घाटातही ताशी ३० च्या वेगाने असते असे कोणी म्हणत नाही. घाटातला वेग वेगळा आणि सपाटीवरचा वेगळा.

मग मी पुढचा प्रश्न टाकला. "बरोबर दहाच्या ठोक्याला पाणी कोणत्या वेगाने चढत होते?"

इथे खरी अडचण आहे. वेग काढायचा म्हणजे किती अंतर आणि किती वेळ, दोन्ही लागतात. दहाच्या ठोक्याला वेळ तर शून्य आणि चढलेले पाणीही शून्य. शून्याला शून्याने भागून हाती काहीच लागत नाही. पण पाण्याला त्या क्षणी काही ना काही वेग होताच, हे तर डोळ्यांना दिसते. मग तो पकडायचा कसा?

युक्ती साधी आहे. दहाच्या पुढचा थोडा वेळ घ्या, आणि तो आणखी आणखी लहान करत जा. मुलीने मधल्या वेळांचीही मापे घेतली होती. १० ते १२ या दोन तासांत २४ इंच, म्हणजे ताशी १२ इंच. १० ते ११ या एका तासात १४ इंच. १० ते साडेदहा या अर्ध्या तासात साडेसात इंच, म्हणजे ताशी १५. १० ते सव्वादहा या पाव तासात ४ इंच, म्हणजे ताशी १६. पाहा, १२, १४, १५, १६. आकडा वाढतो आहे, पण वाढीची उडी लहान होत चालली आहे.

आता दहाच्या अलीकडून या. ८ ते १० मध्ये ताशी २४ इंच. ९ ते १० मध्ये २० इंच. साडेनऊ ते दहा या अर्ध्या तासात ९ इंच, म्हणजे ताशी १८. पावणेदहा ते दहा या पाव तासात सव्वाचार इंच, म्हणजे ताशी १७. इकडून आकडे उतरत येतात: २४, २०, १८, १७.

एका बाजूने १६ पर्यंत आलो आणि दुसऱ्या बाजूने १७ पर्यंत. मधे इंचभर फट उरली. वेळ आणखी लहान केला तर ही फट मिटत जाईल आणि दोन्हीकडचे आकडे एकाच ठिकाणी येऊन टेकतील. साडेसोळा इंचांच्या आसपासची ती जागा म्हणजे दहाच्या ठोक्याचा वेग. यालाच इंग्रजी पुस्तकात डेरिव्हेटिव्ह म्हणतात आणि मराठीत अवकलज म्हणतात. नाव जड आहे, अर्थ हलका आहे: एखादी गोष्ट या घडीला कोणत्या वेगाने बदलते आहे, ते सांगणारा आकडा.

एक सावधगिरी मात्र सांगतो. वेळ लहान करा म्हटले म्हणून कोणी एका सेकंदाचे माप घ्यायला जाऊ नये. पाण्यावर तरंग असतात, वेळू हलतो, पाव इंचाची चूक सहज होते. सेकंदभरात पाणी चढणार केसाएवढे, आणि मापात चूक पाव इंचाची, मग उत्तर कोठल्या कोठे जाईल. म्हणून रानात बेताचा वेळ धरावा. वेळ शून्यापर्यंत नेण्याचे काम कागदावर सूत्राने होते, आणि त्यासाठीच ते शास्त्र आहे.

आता मुलीच्या "टू एक्स"कडे येऊ. बांधावर उभे राहून ते सांगितले. एक चौरस वाफा घ्या, प्रत्येक बाजू १०० फूट. क्षेत्र १०,००० चौरस फूट. दोन लगतच्या बाजूंचे बांध १ फूट पुढे सरकवले. क्षेत्र किती वाढले? एका बाजूला १०० फूट लांब पट्टी, दुसऱ्या बाजूला १०० फूट लांब पट्टी, आणि कोपऱ्यात एक चौरस फुटाचा तुकडा. एकूण २०१. आता बांध फुटाचा दहावा हिस्साच सरकवा. पट्ट्या १० आणि १० चौरस फुटांच्या, आणि कोपरा फुटाच्या दहाव्या हिश्श्याचा चौरस, म्हणजे एका चौरस फुटाचा शंभरावा भाग. एकूण २०.०१. फुटामागे दर धरला तर २००.१. बांध जितका कमी सरकवावा तितका तो कोपरा नगण्य होतो, आणि दर २०० वर येऊन थांबतो. १०० फुटांच्या बाजूला २००, म्हणजे बाजूच्या दुप्पट. बाजू एक्स असेल तर टू एक्स. दोन पट्ट्या म्हणून "टू". मुलीच्या तोंडावर जो उजेड पडला तो पाहून आबांनी दोर खाली ठेवला.

"हे ठीक," ते म्हणाले, "पण मला काय?"

त्यांना मी विहिरीचाच हिशेब दाखवला. पाणी खाली असताना झरे जोरात येतात, आणि विहीर भरत आली की मंदावतात. आठ तास थांबून एकदाच उपसा केला तर साडेसात फूट पाणी मिळते. चार तासांनी एकदा आणि पुन्हा चार तासांनी एकदा उपसा केला तर दोन्ही वेळा ६-६ फूट, एकूण १२ फूट मिळते. विहीर तीच आणि तास तेवढेच, पण पाणी दीडपटीहून जास्त. वीज कधी येते यावर आपला उपसा अवलंबून असतो हे खरे, पण जिथे जमेल तिथे हे करून पाहावे. मात्र हे जादा पाणी आकाशातून येत नाही. ते जमिनीच्या पोटातलेच असते, आणि शेजाऱ्याच्या विहिरीचाही त्यावर हक्क असतो. म्हणून हा हिशेब पिकाच्या गरजेपुरताच वापरायचा. नाहीतर आज पुढे ओढलेले पाणी चैत्रात कमी पडेल.

हे बोलताना मला दुसरी एक विहीर आठवली. ती गोष्ट आबांना सांगितली, तीच तुम्हांला सांगतो.

नोकरीची माझी पहिलीच वर्षे होती. बीएस्सी ॲग्रिकल्चरची पदवी ताजी होती आणि आपल्याला सारे कळते असे वाटत होते. संक्रांतीच्या सुमारास एका शेतकऱ्याने विचारले, "साहेब, एक एकर उन्हाळी भुईमूग घालू का? पाणी पुरेल का?" मी विहिरीत डोकावलो. १५ फूट पाणी होते. दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या मध्यावर किती होते असे विचारले. २२ फूट होते. मी मनात हिशेब केला. दोन महिन्यांत ७ फूट उतरले. या हिशेबाने १५ फूट पाणी चार महिन्यांहून थोडे अधिक पुरेल, म्हणजे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. उन्हाळी भुईमूग ११५ ते १२० दिवसांत निघतो. बेताचे का होईना, जमते. मी सांगितले, "घाला."

त्या घरातल्या वहिनी कळशी घेऊन बाजूलाच उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "पर पाणी आता घाईनं उतरतंय, साहेब." मी ऐकले आणि सोडून दिले.

मार्चच्या मध्यावर विहिरीने तळ दाखवला. भुईमुगाच्या आऱ्या जमिनीत शिरून शेंगा धरायच्या, ती नेमकी वेळ होती. पिकाला पाण्याचा ताण सर्वांत जास्त बाधतो तो तेव्हाच. बियाणे गेले, खत गेले, मजुरी गेली, आणि सोसायटीचे कर्ज तेवढे उरले. वेल उपटून जनावरांना घातले. त्या घराने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि तेच मला जास्त लागले.

पुढे मी वहिनींना विचारले, "तुम्हांला कसे कळले होते?" त्या म्हणाल्या, "मी रोज पायऱ्यावर धुणं धुते नव्हं? दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात दोन पायऱ्या उघड्या पडल्या. मग तीन. मग चार. मग पाच." पायरी अर्ध्या फुटाची होती. मी तिथेच कागद काढला. नोव्हेंबरच्या मध्यावर २२ फूट, महिनाअखेर २१, डिसेंबरच्या मध्यावर साडेएकोणीस, वर्षाअखेर साडेसतरा, संक्रांतीला १५. पंधरवड्याची घट १ फूट, दीड फूट, २ फूट आणि अडीच फूट.

मी सरासरी काढली होती. पंधरवड्याला पावणेदोन फूट. पण संक्रांतीच्या दिवशी पाणी त्या वेगाने उतरत नव्हते. ते अडीच फुटांच्या वेगाने उतरत होते. तोच वेग कायम धरला असता तरी १५ फूट पाणी सहाच पंधरवडे पुरले असते, म्हणजे एप्रिलच्या मध्यापर्यंत. आणि वेग स्वतःच वाढत होता. पुढची घट ३, साडेतीन, ४ आणि साडेचार फूट धरा. बेरीज करा, बरोबर १५ होते. चार पंधरवडे, म्हणजे मार्चचा मध्य! वहिनींच्या पायऱ्यांनी तारीख सुद्धा सांगून ठेवली होती.

असे का झाले, तेही सांगतो. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या मुलखात वरचा थर मुरमाचा असतो. त्यात पाणी बरेच साठते. पाणी त्याच्या खाली, घट्ट कातळात गेले की तिथे ते फटींतच राहते. साठा थोडा, म्हणून तेवढ्याच उपशाला पातळी भराभर खाली जाते. शिवाय जानेवारीत सगळ्या शिवारात गव्हाला पाणी चालू असते. वहिनींना कातळाचे शास्त्र माहीत नव्हते आणि अवकलज हा शब्दही माहीत नव्हता. पण त्यांनी पाण्याचा वेग पाहिला होता, आणि तो वाढतो आहे हेही पाहिले होते. मी फक्त पातळी पाहिली. मी तेव्हा म्हणायला हवे होते, "भुईमूग राहू द्या, जनावरांपुरता पाव एकर चारा करा." ते मी म्हणालो नाही. तेव्हापासून कोणत्याही घरी गेलो की पाणी किती आहे हे विचारल्यावर पाणी कसे उतरते आहे हेही विचारतो, आणि घरातल्या बायांनाही विचारतो.

हाच नियम खताला लावून पाहा. समजण्यासाठी काही आकडे धरू. गव्हाला नत्राचे एकही पोते दिले नाही तर ६ क्विंटल पिकते. एक पोते दिले तर ९, दोन दिली तर ११, तीन दिली तर १२, चार दिली तर १२ क्विंटल २० किलो, आणि पाच दिली तर पीक माजून लोळते आणि ११ क्विंटल ८० किलोच येते. चार पोती घालणारा म्हणतो, "सहा क्विंटल वीस किलो जादा पिकले, पोत्यामागे दीड क्विंटल सुटले." पण तीही सरासरीच. पहिल्या पोत्याने ३ क्विंटल दिले, दुसऱ्याने २, तिसऱ्याने १, आणि चौथ्याने फक्त २० किलो. पाचव्याने तर ४० किलो काढून घेतले. चौथे पोते घालावे का, हा प्रश्न चौथ्या पोत्यालाच विचारायचा असतो, चारही पोत्यांच्या सरासरीला नव्हे. शेवटच्या पोत्याची किंमत आणि वाहतूक त्याने दिलेल्या धान्यातून निघत नसेल, तर तिथे हात आवरावा. आणि जिथे वाढीचा वेग शून्य होतो तिथेच उत्पन्नाचा माथा असतो, हेही यातून दिसते. टेकडीवर चढताना माथ्याच्या जागी क्षणभर चढही नसतो आणि उतारही नसतो, तसेच. आपल्या जमिनीचे खरे आकडे मात्र माती परीक्षणावरून आणि स्वतःच्या दोन-चार सऱ्यांवर करून पाहूनच ठरवावेत.

भगिनींना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. अंगणवाडीत मुलाचे वजन करून तक्त्यावर ठिपका देतात आणि ठिपके जोडून रेघ काढतात. आपल्या देशात एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, आणि हा तक्ता अंगणवाडीच्या कामाचा कणाच आहे. पुष्कळ माता फक्त ठिपका कुठे पडला ते पाहतात. ठिपका पाहाच, पण रेघेचा कल त्याहून नीट पाहा. अंगाने लहान असलेले मूल वर चढणाऱ्या रेघेवर असेल तर त्याचे ठीक चालले असण्याचा संभव जास्त. उलट, एखादे गुटगुटीत मूल दोन-तीन महिने त्याच वजनावर थांबले, रेघ आडवी झाली, तर दिसायला ते चांगले असले तरी काहीतरी बिघडते आहे. जुलाब असतील, जंत असतील, वरचे अन्न कमी पडत असेल. वजन अजून उतरलेले नसते, पण वाढीचा वेग शून्यावर आलेला असतो. तीच वेळ डॉक्टरांना दाखवण्याची. रेघ खाली वळेपर्यंत थांबू नये.

यातही एक खुबी आहे. साधारणपणे मुलाचे जन्माचे वजन पाचव्या महिन्यात दुप्पट आणि वर्षाअखेर तिप्पट होते. जन्माला ३ किलो असेल तर पाचव्या महिन्यात ६ आणि वर्षाला ९. म्हणजे पहिले पाच महिने महिन्याला ६०० ग्रॅम आणि पुढे सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. वेग आपोआप थोडा मंदावतोच, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. म्हणून तर तक्त्यावर छापलेल्या रेघाही वाकड्या असतात. आपल्या मुलाची रेघ त्यांच्या जोडीने चालते का, एवढे पाहायचे.

हे शास्त्र कोणाचे, असे मुलीने विचारले. पुस्तकात दोन नावे असतात, इंग्लंडचा न्यूटन आणि जर्मनीचा लायब्निट्स. दोघांनी १७ व्या शतकात ते वेगवेगळे उभे केले. त्यांतला न्यूटन शेतकऱ्याच्या घरातला होता. आईने त्याला शेतीत घालून पाहिले, पण त्याचे लक्ष लागेना, म्हणून पुन्हा शाळेत धाडले. १६६५ साली प्लेगमुळे केंब्रिजचे विद्यापीठ बंद पडले तेव्हा तो वूल्सथॉर्पच्या आपल्या घरी परत आला, आणि या गणिताचा मोठा भाग त्याने त्या काळात रचला. बदलणाऱ्या राशीला तो "वाहती राशी" अशा अर्थाचे नाव देत असे. विहिरीच्या काठावर बसलेल्या माणसाला ते लगेच पटावे.

पण त्यांच्या ५०० वर्षे आधी आपल्याकडे भास्कराचार्यांनी या वाटेवर पाऊल टाकले होते. त्यांचा जन्म इ. स. १११४ चा, आणि "सिद्धान्तशिरोमणी" हा ग्रंथ त्यांनी ११५० साली लिहिला. आपण पंचांगात पाहतो की एखादी तिथी सुमारे २० तासांची असते तर एखादी २६-२७ तासांची. याचे एक मोठे कारण, चंद्र रोज सारख्या वेगाने चालत नाही. मग तिथी नक्की केव्हा संपते हे चंद्राच्या सरासरी गतीवरून कसे सांगणार? त्यासाठी त्या वेळेची गती हवी. भास्कराचार्यांनी तिला "तात्कालिक गती" म्हटले आणि ती काढण्याची रीत दिली. दहाच्या ठोक्याला पाण्याचा जो वेग आम्ही शोधला, तसाच तो चंद्राचा वेग. पुढचे सगळे शास्त्र त्यांनी रचले असे म्हणणे बरोबर होणार नाही, पण सरासरी वेगळी आणि त्या क्षणाचा वेग वेगळा, हे त्यांना स्वच्छ दिसले होते. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला, त्याची नोंद त्यात आहे. पाटणादेवीला जाणाऱ्या मंडळींनी तो आवर्जून पाहावा.

आता एक काम सांगतो. एका जुन्या वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात विहिरीतल्या पाण्याची उंची, तिसऱ्यात मागच्या वेळेपेक्षा किती कमी किंवा जास्त. दर पंधरा दिवसांनी, सकाळी मोटार लावण्याच्या आधी, एकाच जागी उभे राहून माप घ्या. दोराला गाठी मारल्या तरी चालेल, पायऱ्या मोजल्या तरी चालेल. हे काम घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्या. दुसरा रकाना सांगेल की आज काय आहे. तिसरा सांगेल की ते कोणीकडे आणि किती वेगाने चालले आहे. आणि तिसऱ्या रकान्यातले आकडे स्वतःच वाढत असतील, तर उन्हाळी पिकाचे बियाणे आणण्यापूर्वी घरात सगळ्यांनी बसून विचार करा.

संध्याकाळी निघताना आबा मला बांधापर्यंत पोहोचवायला आले. म्हणाले, "साहेब, फी वाया जात नाही म्हणायची." मागे मुलगी विहिरीच्या पायऱ्यांवर खडूने आकडे लिहीत होती. तिची आई वरून म्हणाली, "अगं, वरच्या पायरीवर मी कोळशानं खूण केलीय, दसऱ्याची. तिथनं धर."

तिने तिथून धरले. तुमच्या घरीही अशी एखादी खूण कोणी तरी केलेली असेल. आधी ती विचारून घ्या.